आडवं कोण आलं?

"पंच, यंदा तरी घेनार का सूड?"

"घेऊ की. घाई कुनाला हाय?"

हे बोलणं मी स्टोअरच्या जाळीच्या खिडकीबाहेर उभी राहून ऐकलं. कॅन्टीनकडून येणारे दोन फिटर तिथे थांबले होते आणि आतल्या माणसाला डिवचत होते. आतला माणूस बेअरिंगच्या खोक्यांवरची धूळ फडक्याने पुसत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. फिटर हसत निघून गेले. मी टाइपरायटरची रिबन मागायला आले होते, पण ते दोघे दिसेनासे होईपर्यंत खिडकीशी गेले नाही.

मी तेव्हा नुकतीच आमच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले होते. माझं शिक्षण खडकीच्या इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी मला घरात छान यायची, पण उंबऱ्याबाहेर ती माझ्यासोबत येत नसे. शॉपमधली माणसं मला 'मिस' म्हणत आणि माझं उत्तर ऐकायला मुद्दाम कान पुढे करत. पंचांनी तसं कधी केलं नाही. मी काय मागते आहे ते कळेपर्यंत ते शांतपणे थांबत आणि वस्तू हातात देताना म्हणत, "बरूबर बोललीस."

पंच हे त्यांचं नाव नव्हतं, पण कंपनीत दुसरं नाव कोणी वापरत नसे. साहेबही त्यांना 'मिस्टर पंच' म्हणत. ते रहाटणीचे, जुन्या शेतकरी घरातले. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की ते रजा टाकत, कडक इस्त्रीची टोपी घालत आणि बैलगाड्यांच्या शर्यतीत पंच म्हणून स्टेजवर बसत.

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत, एकेक सुटतात. चढावरची ती वाट म्हणजे घाट आणि गाड्याची एक धाव म्हणजे बारी. कमीत कमी वेळात जो गाडा वरच्या निशाणापाशी पोचेल तो पहिला. त्यामुळे भांडण बहुतेक एकाच गोष्टीवरून होतं. धावत्या गाड्यापुढे कोणी आडवं आलं, बैल बुजला, वेळ गेला. आडवं आलेलं पंचांनी मान्य केलं तर बारी पुन्हा मिळते. आणि आडवा आलेला माणूस दुसऱ्या एखाद्या गाडेवाल्याचा निघाला, तर त्या गाडेवाल्याचा गाडा त्या यात्रेतून बाद.

असल्या भांडणात काठ्या निघायला वेळ लागत नाही. पंचांची रीत वेगळी होती. दोन्ही बाजूंना स्टेजपुढे उभं करायचे आणि तक्रार करणाऱ्याला म्हणायचे, "आता तू ह्याच्या बाजूनं बोल." मग दुसऱ्याला, "तू त्याच्या." खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. तो मध्येच अडखळतो नाहीतर शिव्या देऊ लागतो.

ही रीत ते कंपनीतही चालवत. एकदा सायकल स्टँडवर दोघांनी एकमेकांच्या कॉलरला हात घातला. एकाची सायकल दुसऱ्याच्या डब्यावर पडून कालवण सांडलं होतं. पंचांनी सायकलवाल्याला डबेवाल्याच्या बाजूने बोलायला लावलं. तो गडी उस्मानाबादकडचा, बोलण्यात भारी. "घरून बायकोनं पहाटं उठून रांधलं," असं सुरू करून तो इतका रंगला की शेवटी म्हणाला, "असल्या सायकलवाल्याला तर हाणलाच पाहिजे!" मग भानावर येऊन स्वतःच हसला. दोघे एकाच ताटात जेवले.

आता त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. सूड कशाचा, हे मला पंचांनी नाही, त्यांच्याच वयाच्या एका फोरमननी सांगितलं.

पंच तरुणपणी स्वतः गाडा पळवत. पाखऱ्या नावाचा त्यांचा बैल होता. एका यात्रेत तो भरात असताना एक माणूस घाटात आडवा आला आणि त्याने बैलाच्या तोंडापुढे फेटा झटकला. पाखऱ्या वाट सोडून दगडांत गेला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. तो माणूस पवनेकाठच्या एका पेरूच्या बागायतदाराचा होता. सगळ्या घाटाने पाहिलं, पण स्टेजवरचे तेव्हाचे पंच सकाळपासून बागायतदाराच्या घरचा पाहुणचार घेत होते. ते म्हणाले, आम्हाला काही दिसलं नाही.

आमचे पंच घाटातच बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर बागायतदाराचा आवाज आला, "घाट मोकळा करा. आमचा गाडा जुंपलाय."

त्यानंतर पंचांनी बैल पाळला नाही. ते पंच झाले.

लोकांना वाटलं, आता बागायतदाराचं काही खरं नाही. पण झालं उलटंच. बागायतदाराचा गाडा दर वर्षी पंचांपुढे पळे आणि दर वर्षी त्याला योग्य तोच निकाल मिळे. मी पहिल्यांदा यात्रा पाहायला गेले त्या वर्षी त्याच्याच गाड्यापुढे एक दारुडा आला. पंच नुसते गप्प राहिले असते तरी बागायतदार हरला असता. पंच म्हणाले, "आडवा आला. बारी परत सोडा." परत सोडलेल्या बारीत बागायतदार पहिला आला. त्याने स्टेजवर चढून पंचांच्या गळ्यात हार घातला आणि लाऊडस्पीकर हातात घेऊन म्हणाला, "हा देवमाणूस! बैल ऱ्हायला न्हाई, पन न्याय ऱ्हायला!"

सगळा घाट हसला. पंचही हसले. असा हसणारा माणूस तुम्ही पाहिला असेल तर मी पुढे काय सांगणार हे तुम्हाला कळलंच असेल. मी मात्र तेव्हा तरुण होते. मला वाटलं, ते विसरले. मला त्यांचा राग आला. मी जर त्यांच्या जागी असते, असं मनात म्हणत मी त्या बागायतदाराचं कायकाय केलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मितभाषी माणसांच्या मनात फार मोकळी जागा असते.

मी दुसऱ्यांदा यात्रेला गेले ते कंपनीतल्या लोकांसोबत ट्रकने. घाटात बायका नसतातच. पंचांनी मला पाहिलं आणि स्टेजच्या कडेला खुर्ची टाकायला सांगितली. "हितं बस पोरी. वारं तिकडं जातंय, धूळ यायची न्हाई."

त्या वर्षी बागायतदाराचा गाडा सगळ्यांत पुढे होता. यात्रेतला मान तर होताच, पण त्याच्या जमिनी कारखान्यांत गेल्या होत्या आणि तो आता निवडणुकीला उभा राहणार होता. गुलाबी फेटे घातलेली त्याची माणसं घाटाच्या दोन्ही अंगांना उभी होती. शेवटचा गाडा तळेगावकडच्या एका म्हाताऱ्याचा होता. बैल सुंदर पळत होते. अर्ध्या घाटात डावा बैल एकदम बिचकला, गाडा कलला, सावरला आणि उशिरा पोचला.

म्हातारा धावतच स्टेजपुढे आला. "पंच, आडवं आलं कुनीतरी! बैल उगा बुजत न्हाई माझा!"

घाटाच्या दोन्ही अंगांना धुळीचा लोट होता. तिकडच्या कोणालाच काही दिसलं नव्हतं. स्टेजवरच्या घड्याळवाल्याची नजर घड्याळावर होती आणि पुकारा करणारा गर्दीला मागे सरायला सांगत होता. स्टेजपासून मात्र घाट स्वच्छ दिसत होता. मी पाहिलं होतं. पेंडीचं एक रिकामं पोतं वाऱ्याने उडून गाड्यापुढून गेलं होतं. माणूस कोणी नव्हता.

पंचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग समोर पाहिलं. बागायतदार कमरेवर हात ठेवून उभा होता, जिंकलेल्या माणसासारखा. मी वाट पाहत होते की आता पंच म्हणतील, तू ह्याच्या बाजूनं बोल. ते म्हणाले नाहीत. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. लाऊडस्पीकर हातात घेतला आणि म्हणाले,

"आडवा आला. फेटा गुलाबी व्हता. बागायतदारांचा गाडा बाद."

घाटात काठी सोडा, चकार शब्द निघाला नाही. पंच खोटं बोलतील असं कोणाच्या मनातच आलं नाही. बागायतदाराच्याही नाही. तो पंचांवर ओरडलाच नाही, मागे वळून आपल्याच माणसांवर ओरडला, "कोन गेला रं? कोन गेला?" एकेक फेटा त्याच्याकडे बघून मान हलवत होता. बैल बिचकला त्या जागेशी त्याचा पुतण्या तेवढा एकटा उभा होता. बागायतदाराने सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावरचा फेटा ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी मी काही कारण नसताना स्टोअरच्या खिडकीशी गेले.

"काय बघितलंस?" पंचांनी विचारलं.

"पोतं."

"व्हय. पोतंच व्हतं." त्यांनी फडकं झटकलं. "इतकी वर्सं खरं बोललो पोरी, ते एकदा खोटं बोलायला."

मी कोणाला सांगू नये, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी मला चहा पाजला.

सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो, असं मी शाळेतल्या गोष्टींत वाचलं होतं. पंच काही रिकामे झाले नाहीत. त्यांची तब्येत सुधारली. कॅन्टीनमध्ये ते दुसऱ्यांदा भात मागून घेऊ लागले. एकदा तर मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. बदल एकच झाला. ते पुन्हा स्टेजवर बसले नाहीत. गावकरी हातापाया पडले, साहेबांनी शब्द टाकला, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "दुसरा बघा. माजा शब्द खर्च झाला." लोकांना तो विनय वाटला. चैत्रात ते गर्दीत उभे राहून भेळ खात शर्यत बघत. एखादं भांडण झालं आणि नवा पंच गोंधळला, की त्यांची बोटं नुसती चुळबुळत. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवत नसे.

ते गेले ते निवृत्तीनंतर थोड्याच काळात. पिंपळे गुरवपासून तळेगावपर्यंतचे गाडेवाले मातीला आले होते. ज्यांच्याविरुद्ध त्यांनी निकाल दिले होते तेही होते. बागायतदार मात्र आला नव्हता.

तो आला काही महिन्यांनी, आमच्या ऑफिसात. निवडणूक तो हरला होता, हे मला माहीत होतं. आता तो कंपनीला हंगामी माणसं पुरवायचा. साहेब बाहेर गेले होते. तो माझ्या टेबलापुढे बसला. हातात काठी आली होती.

"बाई, तुमी त्या साली स्टेजच्या बाजूला खुर्चीवर व्हता," तो म्हणाला. "धूळ तिकडं नव्हती म्हनतात. मला येक सांगा. आडवं खरंच कुनी आलं व्हतं का?"

मी टाइप करायचं थांबले.

"माझा पुतन्या," तो म्हणाला, "त्याच दिवशी घर सोडून गेला. चाकणला खोली घेऊन ऱ्हातो. सणालाबी येत न्हाई. तो आयेची शपथ घेऊन सांगतो, मी न्हाई. मी म्हनतो, पंच खोटं बोलंल व्हय? तुमी शिकलेल्या. तुमचा ना गाडा ना बैल. तुमी नुसतं 'न्हाई' म्हना, मी आत्ताच्या आत्ता जाऊन त्याला घरी आनतो."

त्याचे डोळे पाणावले होते. माझ्या एका शब्दाने तो मोकळा झाला असता आणि त्याच शब्दाने पंच गावोगाव खोटे ठरले असते. पुतण्याचा काही दोष नव्हता, हे मला कळत होतं. मी बागायतदाराला एक संधी दिली. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला.

"तुम्हाला पाखऱ्या आठवतो?"

 त्याने खरोखर आठवून पाहिलं.

"कोन पाखऱ्या?"

बाहेर पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला. तो थांबेपर्यंत मी थांबले. मग पलीकडच्या टेबलांवरच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"आला होता. तुमचाच माणूस होता. मी पाहिला."