माझ्या मशीनवर फुलकारी

मंडळी, आज डोकं फिरलंय. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

यांची बदली झाल्यापासून आम्ही उत्तरेत राहतो. गेल्या आठवड्यात इथल्या एका कॉलेजात मी माझं पहिलं व्हेंडिंग मशीन लावलं. नाणं टाका, बटण दाबा आणि भाजलेले चणे, राजगिऱ्याची चिक्की नाहीतर गार ताक घ्या. मुलांनी रोजचा ब्रेड पकोडा सोडून जरा बरं काहीतरी खावं, एवढीच इच्छा.

आज माल भरायला गेले, तर कॅन्टीनबाहेर मशीनच नाही! शेवटी प्रिन्सिपलच्या ऑफिसबाहेर सापडलं. वर सुंदर फुलकारी, म्हणजे इकडची रंगीत भरतकामाची ओढणी, पांघरलेली आणि प्लग काढून ठेवलेला. आतली ताकाची पाकिटं फुगून टम्म!

हेडक्लार्कना जाब विचारला. ते प्रेमाने म्हणाले, "मॅडमजी, इतनी महंगी चीज़ है. बच्चे बटन दबा-दबाके खराब कर देंगे. कोई मेहमान आएगा तो चला देंगे."

अहो, ते मुलांसाठीच आहे! घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. सोबत ब्रेड पकोडा.

घरी येऊन लेकीसमोर तणतणले, "वस्तू वापरायची सोडून झाकून काय ठेवतात ही माणसं?"

टीव्हीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "पर आई, पापा की तीन पोस्टिंग हो गईं, अपने सोफे का प्लास्टिक आपने अभी तक नहीं उतारा."

आता तुम्हीच सांगा, उद्या त्या हेडक्लार्कशी मी कोणत्या तोंडाने भांडू?