धूर बाहेर काढायचं काम

चुलीच्या पाईपात काजळी साचते ना, तसे आमच्या कामात किस्से साचतात. नुसती एक काठी मारायची, की भसाभस खाली! आता टपरीवर बसून आठवले की हसू येतं हो. पण त्या त्या दिवशी डोकं भिंतीवर आपटायची पाळी आलेली असते.

आम्ही म्हणजे मी आणि शब्बीरभाई. त्याचं अंबाजोगाईत पत्र्याचं दुकान आहे. मी एका संस्थेच्या पाईपवाल्या चुली बसवतो. चूल मी मांडायची, पाईप त्यानं छपरावर चढवायचा.

ह्या कामात मी पडलो तो आईपायी. तिचा खोकला काही केल्या जाईना, म्हणून दवाखान्यात नेलतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यांच्या छातीत धूर बसलाय. आधी धूर बंद करा, नाहीतर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही." घरात गॅस होता. पण आईचं ठरलेलं, "गॅसवर च्या करायचा. भाकर चुलीवरच!" मग काय करता? मीच चूल बसवायला शिकलो, पहिली आईला बसवून दिली आणि मग गावोगाव बोंबलत हिंडायला लागलो.

पहिल्याच गावात एक अण्णा भेटले. घर पत्र्याचं, नवंकोरं. चूल मांडून झाली, पाईप उभा केला, शब्बीरभाई छिन्नी घेऊन शिडीवर चढला, तर अण्णांनी शिडीच धरली!

"पत्र्याला भोक पाडायचं न्हाई. गळंल."

"अण्णा, पाईप बाहेर काढावाच लागतो. भोवती पट्टी मारून डांबर लावतो, थेंब गळणार नाही."

"काही गरज न्हाई. पत्र्याच्या खाली हातभर सोडा. तितून धूर जातो आपला आपला."

"कुठून जाईल?"

"जाईल की! त्यालाबी अक्कल हाय."

शब्बीरभाई शिडीवरूनच म्हणाला, "अशोक, खाली उतरू का? इथं आपल्यापेक्षा धूर शहाणा निघाला!"

घरात पाईप आणि पाईपातून घरातच धूर! त्यापेक्षा साधी चूल काय वाईट होती? अण्णांना पटवेपर्यंत माझा घसा बसला.

दुसरं घर उसाच्या पाचटानं शाकारलेलं. इथं तर लई जपावं लागतं. पाईप तापतो, म्हणून छपरातून जाताना त्याच्या भोवती चांगली मोकळी जागा सोडायची, मधे पत्र्याचं गोल कडं बसवायचं. पाचट पाईपाला चिकटलं की संपलं! सगळं नीट करून, दहादा सांगून आलो.

आठवड्यानं बघायला गेलो, तर त्या मोकळ्या जागेत बारदान गच्च कोंबलेलं! खाली चूल पेटलेली, पाईप तापलेला आणि त्याला पोत्याची चड्डी!

मी ओरडलोच, "हे कुणी केलं?"

घरधनी निवांत. "मीच. तितून गारठा यायलाय."

"अहो, घर पेटंल!"

"पेटलं तर इझवू. पाणी हाय की."

"पाणी? तुमच्या गावाला टँकर येतो आठवड्यातून एकदा!"

"व्हय. आजच आलाय."

बारदान मी स्वतः उपसलं. हात भाजले ते वेगळंच.

रोज असली डोकेफोड करून संध्याकाळी घरी यावं, तर दारातच आईचा खोकला ऐकू यायचा. माझा जीव वरखाली व्हायचा. चूल माझी, पाईप माझा आणि आईच खोकतीय! मग मी छपरावर. पाईप आढ्यापेक्षा उंच हवा, म्हणून एक तुकडा वाढवला. जोड चिकणमातीनं परत लिंपले. पाईपावरची टोपी बदलली. चुलीच्या तोंडाशी कागद पेटवून धरला, तर ज्योत सप्पकन आत! ओढ एक नंबर. मग हिला खोकला कावून?

त्यात एकाचा फोन. "तुमची चूल घरभर धूर सोडायली. येऊन बघा, न्हाईतर उचलून न्या."

धावत गेलो. छपरावर बघतो तर पाईपाला तारेनं डिश अँटेना बांधलेली आणि पाईपाच्या तोंडावर पातेलं पालथं!

"हे पातेलं कशाला?"

"मॅच चालू हाय ना. मॅच संपली की काढतो."

"आणि तेवढ्यात घरात स्वयंपाक चालू असला तर?"

"असतोच की! पर धुरानं डिश काळी झाली तर चित्र काळं दिसंल."

आतून त्याची बायको डोळे पुसत आली आणि म्हणाली, "दादा, ह्यायलाच पाईपात बसवा." मला तिचं म्हणणं मनापासून पटलं.

आणखी एक बाबा तर थोरच. चूल बसवून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वर टोपी नको. पाईपाचा वाकडा तुकडा, बाक बसव. त्याचं तोंड आमच्या चुलत्याच्या खिडकीकडं कर."

मी म्हटलं, "असं कसं? वाऱ्यानं धूर उलटा येईल ना!"

"येऊ दे बे. इतके वर्षं आमी त्याचा खाल्ला."

शब्बीरभाई गंभीर चेहरा करून म्हणाला, "चाचा, पण हवा बदलली आणि तुमच्याच घरात आला तर?"

"मग फिरता बाक बसव!"

भांडण मिटवायला आम्ही गेलोच नव्हतो. टोपी ठोकली आणि पळालो.

आता परवाचं. शेजारच्या गावच्या बायका ऐकेनात. कुणी ऐकत नसलं की मी सरळ घरी नेतो आणि आईची चूल दाखवतो. तशा ह्यांनाही आणल्या. शब्बीरभाई होताच. आई ठेवणीतलं लुगडं नेसून कडेला उभी.

मी जोरात होतो. "बघा! रोजच्या भाकरी हिच्यावरच होतात. भिंतीवर डाग हाय का? चूल काळी झालीय का?"

बायका माना डोलवायला लागल्या. त्यातली एक म्हातारी खाली बसली. तिनं चुलीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि उलटासुलटा करून बघितला. हात कोरा!

"लेकरा, ह्याच्यात राख कावून न्हाई?"

मी आईकडं बघितलं. आई पदर तोंडाला लावून खोकत होती आणि मागच्या दारात आडवी उभी राहिली होती. तिला बाजूला करून मी मागं गेलो. गोठ्याला लागून सरपणाचं खोपटं आहे, चहूबाजूंनी बंद. आत तीन दगड, त्यावर तवा, खाली निखारे. खोपटाचा पत्रा आतून डांबरासारखा काळा.

शब्बीरभाई माझ्या मागं येऊन उभा राहिला. 

"आई!" माझा आवाज फाटला. राग आला होता आणि रडूही येत होतं. "डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं होतं तुला? तुझ्यापायी मी गावोगाव फिरायलोय, आणि तू इथं कोंडून घेऊन धूर खायलीस?"

आईनं आधी खोकला आवरला.

"वरडू नको, माणसं हायेत घरात," ती म्हणाली. "तू रोज कुनाकुनाला आणतूस माझी चूल बघायला. काळी चूल दाखवू व्हय त्यायला?"