दुखणं मामांच्या नावावर

मामा गेले त्या सकाळी मी पेणच्या शाळेत हजेरी घेत होते. रोह्याहून मामीचा फोन आला. "चहा पिऊन खुर्चीत बसले होते गो... कप खाली ठेवला नि गेले." डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. माणूस इतका सहज जातो याचं मला आधी कौतुकच वाटलं, आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन मी पोटभर रडले.

भेटायला येणारी माणसं मात्र भलतंच बोलत होती. "एवढ्या वर्षांचं भगंदर. शेवटी त्यानंच नेलं बघा. ते दुखणं बरं होत नाय." मामी माझ्याकडे बघायची, आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत सटकायचे.

खरं तर मामांचं भगंदर मी शाळेत शिकत होते तेव्हाच बरं झालं होतं. कंपनीत शिफ्टला असताना त्यांनी ते भोगलं होतं. म्हणूनच अकरा वर्षांपूर्वी निडीला एका हळदीत मी एका अंगावर बसून जेवतेय, हे अख्ख्या मांडवात त्यांनी एकट्यानं ओळखलं. हात धुताना हळूच म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, मूळव्याध आहे, चार महिने मलम लावतेय. आमच्याकडे तिथं काहीही झालं तरी ती मूळव्याधच. आधी गळू आलं होतं, ताप भरला, मग ते फुटलं आणि बरं वाटलं. पण पू काही थांबेना.

"अगो, मूळव्याधीला पू कशाला येईल? गळू फुटलं, पण आत बोगदा राहिला. बोगद्याच्या तोंडाला मलम लावून काय उपयोग? डॉक्टरला दाखव."

पेणच्या दवाखान्यांत माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप बसलेले. मेले तरी जाणार नाही, म्हटलं.

"मग रोह्याला ये. दुखणं माझ्या नावावर."

आणि खरोखरच... सर्जनच्या खोलीबाहेर बाकावर कोणी ओळखीचं दिसलं, की मामा न विचारता मोठ्यानं सांगायचे, "भगंदर हो. परत उलटलंय. भाची आलेय सोबतीला." एमआरआय झाला. बोगदा स्नायूतून गेलेला. एकदम कापला तर शौचावरचा ताबा जायची भीती, म्हणून डॉक्टरांनी त्यातून दोरा ओवला. तो हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते. दर आठवड्याला दोरा बदलायचा, घरी टबात कोमट पाणी घेऊन बसायचं. चौदा आठवडे मी पेण-रोहा केलं. दोरा बदलून डोळे पुसत बाहेर आले की मामा कण्हत उठायचे, आणि इतकं झकास कण्हायचे की कंपाउंडर धावत येऊन त्यांना हात द्यायचा.

पुढे त्यांना चटकच लागली. आणखी पाच-सहा लाजऱ्या माणसांना त्यांनी असंच नेलं. चहाच्या टपरीवर त्यांच्यासाठी मऊ खुर्ची राखलेली असायची. मामी चिडायची, "साऱ्या गावात बोभाटा." मामा म्हणायचे, "त्यांचं दुखणं जातंय, माझं काय जातंय?"

तेराव्याला धरमतरकडची एक मुलगी आली होती, मामीच्या नात्यातली. एका अंगावर बसली होती. मी तिच्या आईला बाजूला घेऊन डॉक्टरांचं सांगितलं. आई म्हणाली, "दोऱ्यानं काय होतंय? मामांचं झालं का बरं?" आमची अब्रू राखायला मामा जे खोटं बोलले, तेच आता या पोरीच्या वाटेत आडवं आलं होतं. मी त्या माउलीला सगळं सांगितलं. पण गावाचं काय?

सोमवारी मी मुलीला घेऊन त्याच बाकावर बसले. मामांचे एक दोस्त रक्तदाबाला आले होते. "मामा तर गेले," ते म्हणाले, "आता कोणाला घेऊन आलीस गो?"

मीही मामांसारखं मोठ्यानं सांगितलं. "काका, मामांचं कधीच बरं झालं होतं. नंतरचं भगंदर माझं. इथंच दोरा घालून बरं झालं."

मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "परत नाय झालं, ताई?"

"नाय."

हे मी मामांच्या देखत एकदा तरी बोलायला हवं होतं, याची हळहळ जात नाही. त्या मुलीचं नाव इथं लिहीत नाही. माझं लेखाखाली आहे.