डेल्विन सांगेल तो रंग

सेंट अँथनी गावाबाहेरच्या वाळूवर शनिवारी सकाळी डेल्विनच्या ट्रकमागे रांग लागायची. मागचं फळकूट खाली पाडून तो त्यावर बसायचा, शेजारी पान्यांचा डबा, आणि एकेक जण आपल्या क्वाडचा, म्हणजे वाळूवर पळवायच्या चारचाकी मोटरसायकलचा, स्पार्क प्लग काढून त्याच्या तळहातावर ठेवायचा. डेल्विन तो उन्हाकडे धरायचा, टोकाची चिनीमाती निरखायचा आणि निकाल द्यायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. बदामी असेल तर जा बिनधास्त. पांढरा असेल तर मात्र जागचा हलू नकोस, कारण पेट्रोल कमी पडतंय, इंजिन आतून भाजतंय, आणि भर वेगात कधी जाम होईल याचा नेम नाही. बावीस वर्षं हे असं चाललेलं. चौतीस वर्षं बटाट्याच्या गोदामातले ट्रक दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस, चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून कधी दोन शब्द धड बोलला नाही. वाळूवर मात्र त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे. एवढीच काय ती प्रतिष्ठा, पण ती त्याला जिवापाड प्यारी होती.

आणि गेल्या वर्षभरात त्याला एकही पांढरा प्लग दिसला नव्हता.

लोक आणत होते, हा बघत होता, आणि सगळे आपले बदामी. आधी वाटलं, पोरं सुधारली. मग उन्हाळ्यात त्याच्या बायकोने, आर्देथने, स्वयंपाकघराला रंग दिला, तेव्हा हा दारात उभा राहून म्हणाला, "पिवळा कशाला निवडलास?"

"पांढरा आहे हो तो," आर्देथ म्हणाली. "डोळे दाखवून या एकदा."

त्याने विषय बदलला. डॉक्टरकडे गेलं तर कळणार, कळलं तर सांगावं लागणार. आणि सांगितलं तर शनिवारी ट्रकमागे कोण उभं राहणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्याने दिवस काढले. बरं, मूठ स्वतःपुरती असती तर गोष्ट वेगळी होती. इथे दुसऱ्यांचे जीव होते त्या मुठीत. हे त्याला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं, म्हणून तर झोप लागत नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी रूलॉनचा अपघात झाला. रूलॉन म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, शेजारच्याच गल्लीतला. डेल्विनने त्याचा प्लग बघितला, बदामी म्हणाला, आणि पाच मिनिटांत रूलॉनचं इंजिन भर वेगात जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी धरली आणि गडी हवेत उडाला. खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. रूलॉनने सगळा दोष हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपाला दिला, पाणी घालतात लेकाचे म्हणून गावभर बोंब मारली. डेल्विन दोन दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होता आणि मान डोलवत होता.

आज त्याची मुलगी जनील नवा सायलेन्सर घेऊन आली होती. वृद्धाश्रमात रात्रपाळ्या करून तिने तो घेतला होता, आणि विकणाऱ्याने ताशी सहा मैल जास्त मिळतील असं छातीठोक सांगितलं होतं.

"सहा मैल," रूलॉन म्हणाला. तो एक हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, दुसऱ्या हातात वेग मोजायचं रडार घेऊन खुर्चीत बसला होता. "पी हळद नि हो गोरी. आवाज तेवढा वाढेल बघ, म्हातारे बहिरे होतील."

"काका, तुम्ही आधीच बहिरे आहात," जनील म्हणाली. "आकडा तेवढा नीट वाचा."

"खांदा मोडलाय माझा, डोळे शाबूत आहेत."

डेल्विन पान्यांच्या डब्यात उगीच काहीतरी शोधत राहिला.

इथली रीत अशी की चाचणी दोन्ही बाजूंनी करायची, एकदा वाऱ्यासोबत आणि एकदा वाऱ्याविरुद्ध, आणि दोहोंचं मधलं धरायचं. टेकड्यांमधल्या सपाट वाळूवर पट्टा आखलेला होता. जनीलने आधी जुन्या सायलेन्सरवर दोन फेऱ्या मारल्या, अडुसष्ट आणि सत्तर. मग दोघा बापलेकींनी मिळून नवा चढवला. नवा सायलेन्सर इंजिनाला मोकळा श्वास देतो, म्हणून पेट्रोलही जास्त लागतं, तेव्हा कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट एक नंबर मोठं घातलं. एक नंबर पुरेल की दोन लागतील, हे प्लगच सांगणार. जनीलने कोरा प्लग लावून अर्ध्या पट्ट्याची फेरी मारली, प्लगचा रंग तसाच राहावा म्हणून भर वेगात इंजिन बंद केलं आणि तशीच घरंगळत ट्रकपाशी आली.

"एकाहत्तर," रूलॉन लांबून ओरडला. "अर्ध्यातच. पोरी, मी शब्द मागे घेतो."

जनीलने प्लग काढून वडिलांच्या हातावर ठेवला. अजून गरम होता. डेल्विनने तो उन्हाकडे धरला. बदामी. छान भाजलेल्या पावासारखा. त्याने टोपी मागे सरकवून पुन्हा बघितला, मग सावलीत नेऊन बघितला.

"काय झालं, बाबा? इतका वेळ कधी लागत नाही तुम्हाला."

मागे दोन पोरं आपापले प्लग घेऊन उभी होती. तीही बघत होती. नाही म्हणावं तर का म्हणून विचारतील. हो म्हणावं तर… पण दिसतोय ना बदामी? डोळ्यांना दिसतोय तो खोटा कसा?

"बदामी आहे," तो म्हणाला. "जा."

तिने प्लग परत बसवला, हेल्मेट चढवलं आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. आता पूर्ण पट्टा, शेवटपर्यंत मूठ पिळलेली. डेल्विनचा जीव टांगणीला लागला. काहीतरी करायचं म्हणून त्याने कोऱ्या प्लगांची खोकी नीट लावायला घेतली. त्यातलं एक उघडं होतं. त्यातला प्लग त्याच्या तळहातावर आला. कधी न पेटलेला, कारखान्यातून आला तसा.

तो बदामी होता.

कोऱ्या प्लगची चिनीमाती दुधासारखी पांढरी असते. शेंबडं पोरही सांगेल. त्याने दुसरं खोकं फोडलं, तिसरं फोडलं. सगळे बदामी. म्हणजे रंग प्लगात नव्हताच. तो त्याच्या डोळ्यांत होता, वर्षभर, प्रत्येक प्लगावर, रूलॉनच्यासुद्धा.

पलीकडून इंजिनाचा आवाज चढला.

तो धावला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, वाळूत धावला. पट्ट्यावर गाडी सुटलेली असताना पाय टाकायचा नाही, हा नियम त्याने स्वतः घालून दिला होता, आणि तो मोडणाऱ्या पोरांना आईबापांदेखत झापलं होतं. आता तोच पट्ट्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिला. मागे कुणीतरी ओरडलं. समोरून जनीलच्या क्वाडच्या काठीवरचं लाल निशाण मोठं मोठं होत येत होतं, आणि आवाजात तो बारीक चिरका सूर होता, उपाशी इंजिनाचा. एवढं तरी कानांना कळत होतं. मग आधी का नाही ऐकलंस, मूर्खा, असं त्याच्या मनात आलं. आता थांबत नाही ही. आपल्याला उडवेल, नाहीतर इंजिन जाम होऊन स्वतः उडेल. देवा, मला उडव, तिला नको.

जनीलने मूठ सोडली. मागचा भाग एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि क्वाड त्याच्यापासून दहा पावलांवर वाळूत रुतून थांबलं. तिने हेल्मेट ओढून काढलं. चेहरा रागाने लाल झाला होता.

"वेड लागलंय का तुम्हाला? मेला असतात आत्ता."

"प्लग काढ," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "काढ आणि मला रंग सांग."

"तुम्ही बघितलात ना?"

"मला दिसत नाही, बाळा. तू सांग."

तिने पाना घातला. प्लग बाहेर आला. तिने तो बघितला, मग वडिलांकडे बघितलं, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"पांढराफटक आहे," ती हळूच म्हणाली. "टोकाला तर फोड आलेत. बाबा, कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

एव्हाना लोक जमले होते. रूलॉनही खुर्ची सोडून, रडार काखेत धरून, वाळूतून ठेचकाळत आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. डेल्विनला वाटलं, वाळूने पोटात घ्यावं. पण आता पळ काढायचा तर कुठे काढणार? त्याने मान वर केली.

"रूलॉन, तुझा प्लगही पांढराच असणार. पेट्रोल चांगलं होतं."

रूलॉन म्हणाला, "दवाखान्यात दोन दिवस बसलास. तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"ठाऊक नव्हतं." इथे थांबता आलं असतं. रूलॉनने मानलंही असतं. "शंका होती."

"मी त्या पंपवाल्याचं नाव गावभर घाण केलं, डेल्व्या. बिचाऱ्याने मला फुकट टाकी भरून दिली परवा. तू मान डोलवत होतास."

"हो."

"आणि त्यानंतरचे दोन शनिवार लोकांचे प्लग बघत बसलास."

रांगेतली ती दोन पोरं मागे उभी होती. त्यांनी आपले प्लग मुठीत घट्ट धरले होते.

"मग आज का बोललास?" रूलॉनने विचारलं.

"आज गाडीवर माझी पोरगी होती," डेल्विन म्हणाला.

रूलॉनने मान हलवली. गळ्यातली झोळी त्याने सारखी केली, त्या हालचालीने बरगडी दुखली असावी, कारण त्याचा चेहरा क्षणभर आखडला.

"मलाही पोरी आहेत रे," तो म्हणाला. "तीन आहेत."

रडार त्याने जनीलच्या हातात दिलं आणि तो आपल्या ट्रककडे चालू लागला.