सहाव्या भोकाआधीचा खळगा

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या सड्यावर, गावामागच्या कातळाच्या पठारावर, एका हॉटेलाचं गोल्फचं मैदान आहे. भोकं नऊच, म्हणून गावात त्याला अजून 'नऊ बिळां' म्हणतात. ते आखलं गोव्याच्या एका वयस्कर गृहस्थांनी आणि त्यांच्या हाताखाली माती-दगडाचं सगळं काम केलं माझ्या वडिलांनी. आता तिथली देखरेख माझ्याकडे आहे.

सहाव्या भोकाच्या अलीकडे एक खळगा आहे. चेंडू हमखास त्यात घरंगळतो आणि पाहुणे शिव्या घालतात. त्या शिव्या माझ्या बापाच्या कामाला आहेत असं वाटून मी वर्षानुवर्षं मान खाली घालत आलो. मग मैदानाची दुरुस्ती निघाली आणि नव्या आखणीसाठी पुण्याहून आलेल्या बाईंनी "काय बदलूया?" असं विचारलं, तेव्हा मी आधी तो खळगाच दाखवला.

"मूळ आखणीला शक्यतो हात लावू नये," त्या म्हणाल्या. "करणाऱ्याने काहीतरी विचार केलेला असतो."

"विचार कसला, मॅडम! तेव्हा मशीन नव्हती, राहिला खड्डा."

घरी वडील काही सांगू बघत होते. "तुमचो काळ गेलो, बाबा," म्हणून मी त्यांना गप्प बसवलं. वर स्वतःवरच खूश.

काम सुरू करायच्या दिवशी गाऱ्हाणं होतं. त्याशिवाय आमच्याकडे कुदळ उचलत नाहीत. वडीलधाऱ्याने नारळ ठेवून आपण काय करतोय ते देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी त्याला होकार भरायचा. मान वडिलांचा होता.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां ह्यो खळगो बुजवतत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटात आम्ही दगड भरून पाण्याची वाट केली आसा. ती बुजली तर सड्याचा पाणी खालच्या वाडीत शिरतला!"

"व्हय म्हाराजा!"

"तसा झाला तर लेकरांची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. गाऱ्हाण्यातले शब्द ऐकतो कोण? होकार तोंडात बसलेला असतो.

बाईंना मालवणी कळत नव्हती. "काय म्हणाले ते?" त्यांनी मला विचारलं. मी ऐटीत मराठीत सांगू लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळलो. खालच्या वाडीत आमचंही घर आहे.

बाईंनी खळग्यात हातभर खणून पाहिलं. जांभ्याचे दगड एकाला एक लावलेले, मधून ओल. त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि खळगा राहिला. मला लाज वाटली, आणि बापाचा अभिमानही, इतकी वर्षं उशिरा.

संध्याकाळी वडील अंगणात सुपारी कातरत बसले होते.

"माका आधी कित्याक सांगूक नाय?" मी विचारलं.

"सांगलंय. तीनदा." अडकित्ता थांबला नाही. "देव तरी मधीच बोलणा नाय."