लानक्काचा मासा

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, भानामती, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. चौतीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय. अमावस्येला रस्त्यात उतरून टाकलेलं लिंबू पायानं बाजूला सारून पुढं गेलेला माणूस आहे मी. या सदरातले अनुभवसुद्धा, खरं सांगू का, मी हसायलाच वाचतो. पण एक गोष्ट माझ्याच घरात घडली... आणि ती सांगायची तर माझी अब्रू आधी वेशीवर टांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं मूग गिळून बसलो. हे लिहितोय ते बायकोला ठाऊक नाही. का नाही, ते पुढं कळेलच.

साल साधारण सत्त्याहत्तर. सोलापूर, शुक्रवार पेठ. आम्ही लिंगायत — घरात कानडी, दारात मराठी. अप्पा, म्हणजे माझे वडील, ज्वारीचे व्यापारी. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाहीत. पेठेत कुठं भांडण झालं की लोक म्हणायचे, अप्पांना विचारा की. ते तोलून बोलायचे, पण एकदा बोलले की विषय संपला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चन्नप्पामामांचं हॉटेल होतं. हे मामा आमच्या लांबच्या नात्यातले. तरुणपणी एका तमिळ कापड व्यापाऱ्याबरोबर थेट व्हिएतनामला, सायगावला गेले, आणि तिकडची लढाई संपल्यावर पन्नाशीत परत आले ते बायको घेऊन. तिचं नाव लान. पेठेनं तिची लगेच लानक्का करून टाकली. ती बुद्धाची भक्त, जन्मात मांसमच्छी न खाल्लेली. त्या जोरावरच मामांनी धाडस केलं आणि पाटी लावली — ‘लान टी हाऊस, शुद्ध शाकाहारी’. चार टेबलं, आत स्वयंपाकघर, भिंतीवरच्या फळीवर लानक्काच्या आईचा फोटो. त्या फोटोपुढं ती रोज सकाळी पहिला कप चहा ठेवायची, मगच दुकान सुरू.

चहा बिनदुधाचा, मोगऱ्याच्या वासाचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, हे काय हळदीकुंकवाचं पाणी! पण आठवड्याभरात चटक लागली. तांदळाच्या पातळ पापडात काकडी, कोथिंबीर, पुदिना गुंडाळून द्यायची आणि बुडवायला आपलीच शेंगाचटणी, गूळ-लिंबू घालून पातळ केलेली. तांदळाच्या शेवयांचं सार. आणि इंदूरहून मागवलेल्या सोयाबीनचं दूध काढून ती पनीरासारखं काहीतरी करायची, लई भारी. शाळा सुटली की मी तिथंच. मराठी आणि कानडी मिसळून ती अशी काही भाषा बोलायची की मी पोट धरून हसायचो, आणि माझ्याबरोबर तीही हसायची.

त्या सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलगी मंगळवेढ्याची, घर तालेवार. सासरे बोलणी पक्की करायला येणार होते आणि मला हुक्की आली, त्यांना लानक्काकडं जेवायला न्यायचं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अप्पा बाहेर कुठंच जेवत नसत, पण चन्नप्पा आपल्यातलाच, बाई शाकाहारी, असं चार दिवस कानाशी लागून मी त्यांना तयार केलं. लानक्काला सांगितलं, मोठे पाहुणे आहेत, काहीतरी खास कर.

आणि तिनं खास केलं. टेबलाच्या मधोमध आणून ठेवला तो एक अख्खा मासा. शेपटी, कल्ले, अंगावर खवले, तळून सोनेरी झालेला, वर टोमॅटोचा रस्सा. तिच्या देशात देवळातले पुजारीसुद्धा सणाला असं जेवतात. सगळं सोयाबीनचं, पण रूप माशाचं. मोठ्या पाहुण्याला अख्खा मासा वाढणं हा तिकडचा सगळ्यात मोठा मान. तिनं दोन्ही हात जोडून मान लववली आणि अप्पा ताडकन उठले.

पुढचं काय सांगू. सासरे खुर्ची मागं ढकलून बाहेर. मामा ओरडून सांगतायत, अहो सोयाबीन आहे ते! लानक्कानं घाबरून एक तुकडा मोडला आणि स्वतः खाऊन दाखवला. झालं! लोक म्हणाले, बघा, मासे खाते. हसू नका. आमच्यापैकी एकालाही मासा कसा लागतो, कसा वास मारतो, हे ठाऊकच नव्हतं. तपासणार कोण आणि कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलपुढं चार वडीलधारे जमले. मामा म्हणाले, बसूला विचारा, तो रोज इथं खातो. अप्पांनी मला पुढं बोलावलं. म्हणाले, लिंगावर हात ठेवून सांग, काय होतं ते. तू सांगशील ते मी सगळ्यांना सांगेन.

मला सोयाबीन म्हणायचं होतं, अगदी ओठावर होतं. पण समोर सासऱ्यांचे भाऊ उभे. सोयाबीन म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुला माहीत होतं, मग ताटात मासा दिसेल हे आधी का नाही बोललास? थट्टा केलीस आमची? लग्न मोडणार आणि अप्पांची मान खाली जाणार. मासा म्हटलं तर मी सुटलो, मीपण फसलोच की बिचारा! मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि म्हणालो, मासाच होता.

लानक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आत निघून गेली.

अप्पांनी पेठेत सांगितलं आणि तिकडं कुणी फिरकेना. तीन महिन्यांत पाटी उतरली. मामा तिला घेऊन पाँडिचेरीला गेले, तिकडं तिच्या भाषेची चार माणसं होती म्हणून. माझं लग्न थाटात झालं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली. महिनाभर नुसते हुंकार, एक शब्द धड कळायचा नाही. त्या दिवशी दुपारी साडेतीनला मी शाळेतून आलो. माझी बहीण महादेवी अप्पांच्या खोलीच्या दारातच ज्वारी निवडत बसली होती. त्या खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. मी आत गेलो तर अप्पा जागे होते आणि माझ्याकडं पाहून स्पष्ट बोलले. कानडीत बोलले, मी मराठीत देतो.

“बसू, ती आत्ता येऊन गेली. चन्नप्पाची बायको. पाया पडली माझ्या.”

मी म्हणालो, अप्पा, ती इथं कुठली.

“मुलावर रागावू नका म्हणाली. मासा सोयाबीनचा होता. डोळे मिरीचे होते, आणि ते तू बसवलेस. खरं का?”

इथं मी एक कबूल केलं पाहिजे. वर मी ते गाळलं, लाज वाटली म्हणून. त्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मी स्वयंपाकघरात होतो. मामा बाजारात गेले होते, आत फक्त ती आणि मी. ती सोयाबीनच्या गोळ्यावर सुरीच्या टोकानं खवले कोरत होती, आणि मला गंमत वाटली म्हणून मीच डब्यातल्या दोन काळ्या मिऱ्या घेऊन डोळ्यांच्या जागी दाबल्या. सासरे कसे दचकतील, मग मी कसा हसून सांगेन, ते डोक्यात होतं माझ्या. ती म्हणाली होती, अप्पांना आधी सांग हं. मी म्हणालो, सांगतो की.

हे मी कुणालाही, कधीही बोललो नव्हतो.

अंगावर थंड वारं आलं, मोगऱ्याचा वास आला, असलं काही झालं नाही बरं का. दुपारचं ऊन होतं, शेजारी कुणाचातरी रेडिओ चालू होता.  अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. उत्तर पाहिजे होतं त्यांना. त्यांच्या शब्दावर एका बाईचं हॉटेल बुडालं होतं आणि जायच्या आधी त्यांना ते नीट करायचं होतं. चार माणसं बोलव, म्हणाले, मी सांगतो त्यांना.

आणि मी, सायन्सचा मास्तर, काय बोललो? म्हणालो, “स्वप्न पडलं असेल, अप्पा. मासाच होता.”

“सुळ्ळ हेळब्याड,” ते म्हणाले. खोटं बोलू नकोस. एवढंच म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतर ते परत बोलले नाहीत. तीन दिवस होते. महादेवीनं चमच्यानं दिलेलं पाणी घ्यायचे, मी चमचा नेला की ओठ घट्ट मिटायचे. बायकोला वाटलं, आजारात असं होतं. मीही तेच म्हणालो.

अप्पा गेले. दिवसपाणी झाल्यावर महादेवीला खोदून विचारलं. म्हणाली, दारातून मांजरसुद्धा आत गेलं नाही. मामांना पत्र टाकलं, आडून आडून विचारलं. त्यांचं कार्ड आलं — दोघंही बरी आहोत, तुझ्या मामीनं इकडं चहाचं लहानसं दुकान टाकलंय, एक दिवस बंद ठेवत नाही. आणि ते मिरीचं तू काय लिहिलंयस ते कळलं नाही, तिला विचारलं तर नुसती हसली.

म्हणजे बाई जिवंत, पाँडिचेरीत. त्यामुळं भूत म्हणायचीही सोय नाही. आणि तिनं तर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं की बसू त्या दिवशी आत होता. सांगितलं असतं तर मामांनी मला पेठेत उभा सोलला असता, आणि हॉटेलही कदाचित वाचलं असतं. का सांगितलं नाही तिनं? माझं लग्न मोडू नये म्हणून? मला विचारायचं धाडस झालं नाही. पाँडिचेरीला जाऊ जाऊ म्हणत वर्षं गेली, आणि आता ती दोघंही नाहीत.

डॉक्टर मित्राला एकदा नावं बदलून विचारलं होतं. तो म्हणाला, शेवटी मेंदू असे खेळ करतो. करत असेल. पण दोन मिऱ्या मेंदूत कुठून आल्या, ते त्याला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. कोण आलं, कसं आलं, की कुणी आलंच नाही, मला काहीच माहीत नाही. त्या दुपारी त्या खोलीत कुणीतरी माझ्या बापाला खरं सांगितलं, एवढं नक्की. आणि तो मी नव्हतो.