हाडाची मूठ, बोरीचा डोळा

माझ्याकडे त्रेचाळीस चाकू आहेत. सगळे घडीचे, म्हणजे पातं मिटून मुठीत जाणारे, आणि जवळजवळ सगळ्यांच्या मुठी हाडाच्या. हे ऐकलं की माणसं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो. खेड्यात पट्टी बांधणाऱ्यालाही डॉक्टरच म्हणतात, तसं मलाही म्हणत. पण माझं काम जखमा धुण्याचं आणि बैलाचा पाय धरून ठेवण्याचं.

या नादाची सुरुवात एका मेंढपाळापासून झाली. त्याच्या मेंढीच्या पायात काटा मोडून गळू झालं होतं आणि नेमकं त्या दिवशी माझ्या पिशवीत पातं नव्हतं. त्याने कमरेचा चाकू काढून दिला. मी तो चहाच्या भगोन्यात उकळायला टाकणार, तर त्याने माझा हात धरला. पात्यापुरताच बुडवा म्हणाला, हाडाला उकळी लागू देऊ नका. मूठ जुन्या तुपासारखी पिवळट होती, आणि एका जागी इतकी गुळगुळीत की माझा अंगठा आपोआप तिथेच जाऊन टेकला. तिथे आधी त्याचा अंगठा टेकत आला होता, त्याच्याही आधी त्याच्या बापाचा. मेंढी बरी झाली. मी पुढच्या बाजाराला नवा चकचकीत चाकू घेऊन त्याला गाठलं आणि अदलाबदल मागितली. त्याने दोन्ही चाकू उलटसुलट करून पाहिले, माझ्याकडेही तसंच पाहिलं, आणि माझी फसवणूक होऊ नये म्हणून मला तीनदा विचारून घेतलं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत मलमाच्या डब्यांबरोबर एक-दोन नवे चाकू असायचे. कुणाच्या दिवळीत, कुणाच्या बैलगाडीच्या पेटीत जुना चाकू दिसला की मी विषय काढायचो. काही देत, काही देत नसत. एका आजोबांनी तर मी विचारल्यावर चाकू जो खिशात घातला, तो पुढे मी त्यांच्या गोठ्यात गेलो की बाहेर काढलाच नाही.

हाड ओळखायला मला बुलढाण्यातल्या एका कारागिराने शिकवलं. कात्र्यांना धार लावणं आणि कुलपं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. सगळं गाव त्याला चाचा म्हणे, मीही म्हणू लागलो. मी मोठ्या ऐटीत पहिले सात चाकू त्याच्यापुढे मांडले. त्याने एकेक उचलून ओठाला लावला आणि दोन बाजूला काढून ठेवले. ते प्लास्टिकचे निघाले. हाड ओठाला गार लागतं, शिंग तेवढं लागत नाही, प्लास्टिक तर मुळीच नाही. मग त्याने मला भिंगातून हाडावरचे बारीक ठिपके दाखवले. ती रक्त वाहायची वाट होती म्हणाला. मी इतकी वर्षं जनावरांची हाडं पाहत आलो, पण हे मला कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगावं लागलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाड तडकतं, म्हणून चैत्र लागला की सगळ्या मुठींना जवसाचं तेल लावायचं, हेही त्याचंच. ढिली झालेली मूठ तो पितळेच्या खिळ्याने बसवून द्यायचा आणि दिल्यावर चाकू चारदा उघडमीट करून कानाशी धरायचा. मिटताना नीट आवाज आला तरच माझ्या हातात ठेवायचा.

सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू माझ्या हातात एकदाच आला. शेगावकडच्या एका माणसाने आणला होता. खडबडीत तपकिरी शिंग, मधे मधे हस्तिदंतासारखा पांढरा रंग, आणि मुठीत असा बसला की सोडावा वाटेना. पण सांबराचं शिंग बाळगणं कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो आणि परत दिला. त्या रात्रीच्या जेवणात माझं लक्ष नव्हतं हे बायकोने ओळखलं. कारण कळल्यावर ती म्हणाली, "घरात कांदा चिरायचा चाकू बोथट, अन् तुम्ही दुसऱ्याच्या चाकूचा विचार करून राह्यले." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझे चाकू कपाटात तेल पिऊन बसलेले असत. मी त्यांनी साधी दोरीसुद्धा कापत नसे.

आता ज्या चाकूबद्दल सांगायचं आहे तो मला लोणारला मिळाला. नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. बाजारात एक भंगारवाला ताडपत्रीवर जुनी कुलपं, सायकलच्या घंट्या, कंदिलाच्या चिमण्या मांडून बसला होता. त्यात हा चाकू होता. पातं लहान, टोकाला सरळ. मूठ हाडाची, पण खालचं टोक इतर मुठींसारखं गोल नव्हतं. ते चपटं होत होत नखासारखं पातळ झालं होतं. मला वाटलं झिजलं असेल. चाचाने पाहिलं आणि मान हलवली. झिजलेलं नाही, मुद्दाम घडवलेलं आहे म्हणाला. पण कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. फोनवर आमचा एक चाकूवाल्यांचा गट आहे, तिथे फोटो टाकला. एकाने पत्रं उघडायला म्हटलं, दुसऱ्याने तंबाखूचा चुना काढायला. मला काही पटलं नाही. पण त्या चाकूने मला असं धरलं की बाकीच्यांना कपाटात ठेवून हा एकटा मी खिशात घालून फिरू लागलो.

सेवानिवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पिंपळगाव राजाजवळच्या एका शेतात गाय अडली होती. वासराचा एक पाय मागे दुमडलेला. डॉक्टरांनी हात घालून तो सरळ केला, मी दोरी धरली, आणि दुपार कलताना वासरू सुखरूप बाहेर आलं. दोरीची गाठ सुटेना म्हणून मी खिशातला चाकू काढला. घरचे आजोबा बाजेवर बसून सगळं पाहत होते, ऐंशीच्या पुढचे. सगळ्यांचं लक्ष वासराकडे, त्यांचं माझ्या हाताकडे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तो चक्कू दोरी कापाचा नोहे."

मी जवळ जाऊन तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी पातं पाहिलंच नाही. मूठ उलटी धरली आणि ते पातळ टोक अंगठ्याने चाचपलं. मग सांगू लागले. तरुणपणी ते बोरीची कलमं करत गावोगाव फिरत. धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या गावरान बोरीच्या फांदीवर चांगल्या बोरीचा डोळा भरायचा, म्हणजे साल उचलून तिच्याखाली दुसऱ्या झाडाचा कोंब बसवायचा. साल कापायची पात्याने, पण उचलायची हाडाने.

"लोखंडानं काऊन नाही?" मी विचारलं.

"लोखंड लागलं की आतून कायीकुट्ट पडते साल. मंग डोया लागत नाही. हाड नरम राह्यते, सालीले लागू देत नाही."

त्यांचा स्वतःचा असा चाकू होता. एकदा नदी ओलांडताना खिशातून पडला आणि गेला. त्यानंतर साध्या चाकूने काम केलं, पण आधीसारखं जमलं नाही. पुढे रोपवाटिकेतून तयार कलमं येऊ लागली आणि कुणी बोलवेनासं झालं. मी तो चाकू त्यांनाच ठेवायला सांगितला. हे सहज म्हटलं असं म्हणणार नाही. मनात एकदा मागेपुढे झालंच. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

"मले देऊन काय करान? श्रावणात या. तुमाले शिकवतो."

मी श्रावणात गेलो. एकटा नाही, बायकोलाही नेलं; तिला पिंपळगावच्या बाजारात काही घ्यायचं होतं आणि एसटी तिथूनच होती. आजोबांनी धुऱ्यावर बाज टाकून घेतली. त्यांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे सुनेने तिथल्या बोरीचे खुंट उन्हाळ्यात छाटून ठेवले होते आणि त्यांना पेन्सिलीएवढे नवे फुटवे आले होते. आजोबा बसून सांगत होते आणि मी करत होतो. उभी चीर, वर आडवी चीर, मग चाकू उलटा करून हाडाचं टोक हळूच आत. साल कागदासारखी सुटली. इतकी वर्षं जे टोक मी तेल लावून पुसत आलो ते आपली जागा सापडल्यासारखं आत सरकलं.

सहा डोळे भरले. सहाही वाळले.

पुढच्या श्रावणात आठ भरले. एक लागला, तोही माझा नव्हता. माझ्या बोटांना काटे टोचत होते म्हणून शेवटचा डोळा बायकोने भरला होता आणि केळीच्या सोपटाने बांधलाही तिनेच. तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो तेव्हा माझ्या सातही फांद्यांवर काळे ठिपके होते आणि तिच्या फांदीवर हिरवा फुटवा. आजोबांनी तो बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं मला काहीतरी समजुतीचं बोलतील.

"चक्कू बाईजवळ द्या," ते म्हणाले.

दिला. त्याला आता तीन वर्षं झाली. चाकू तिच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरात असतो. श्रावण आला की तिला बोलावणी येतात, आधी नात्यातून, आता ओळखीपाळखीच्या शेतांतूनही. मी बरोबर जातो, फांदी धरतो, सोपट भिजवून देतो. आयुष्यभर बैलाचा पाय धरला, त्यामानाने बोरीची फांदी धरणं सोपं आहे. ती हाडाचं टोक आत सरकवते तेव्हा श्वास रोखते. मग माझाही श्वास आपोआप रोखला जातो. डोळा बसला की दोघंही एकदमच सोडतो. मला वाटतं लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एका कामाला एवढे शांतपणे कधी लागलो नव्हतो.

यंदा संक्रांतीच्या आधी तिच्या त्या पहिल्या फांदीला भरपूर बोरं धरली. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. आजोबा आता बाजेवरून फारसे उठत नाहीत. सुनेने पिकलेली बोरं पदरात तोडून आणली आणि एक मऊ बघून त्यांच्या तोंडात घातलं. दात नाहीत, त्यांनी ते बराच वेळ हिरड्यांनी चघळलं. बी बाहेर काढून हातावर ठेवली. बायको समोर उभी होती, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी.

"गोड हाय," ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "अजून एक पाऊस खाऊ दे झाडाले. मंग सांगतो."

सुनेने उरलेली बोरं आमच्या पिशवीत भरली. बायकोने त्यातली मूठभर काढून त्यांच्या उशाशी ठेवली आणि आम्ही रस्त्याला लागलो.